कुकर लावून सुई हातात घेताना: रोजचा स्वयंपाक आणि भरतकाम एकत्र कसं बसवायचं?

सुईदोरा
सकाळचे डबे, दिवसभराची नोकरी, संध्याकाळी साडेसातला पुन्हा ओटा. यात भरतकामाला सलग दोन तास मिळत नाहीत, आणि मिळतील म्हणून थांबलं की रिंगमधलं कापड वर्षभर तसंच राहतं. स्वयंपाकात मात्र थांबण्याचा वेळ भरपूर असतो. तो कुठे असतो आणि त्यात कोणता टाका बसतो, याची नीट मांडणी व्हावी म्हणून हा चर्चेचा धागा.

थांबणं तीन तऱ्हेचं. पहिलं डोळ्यांचं: भाजणं, दूध तापवणं, पाक, फोडणी. यात सुई हातात घ्यायचीच नाही. दुसरं कानाचं: कुकर, झाकण ठेवून शिजणारी भाजी, वाफेवरच्या वड्या. यात मोजावे न लागणारे टाके सोपे पडतात, म्हणजे धावदोरा, साखळी, देठाचा टाका, कापडाची कड दुमडून हातशिलाई. तिसरं नुसतं थांबणं: भिजणं, मोड येणं, चक्का टांगणं, पीठ आंबणं. यात ओट्याकडे बघायचंच नसतं, म्हणून मोजून भरायचं काम (क्रॉस स्टिच, कशिदा) यात सगळ्यात निवांत होतं.

कुकरचा हिशोब उदाहरणादाखल. एक वाटी तूरडाळ अर्धा तास भिजवलेली, अडीच वाट्या पाणी, हळद, हिंग, चार थेंब तेल. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून ८ ते १० मिनिटं, मग बंद. प्रेशर आपोआप पडायला १२ ते १५ मिनिटं. म्हणजे पंचवीस मिनिटं रोजची नक्की. गाडी धरायची म्हणून शिट्टी उचलून वाफ सोडू नका. डाळ उसळून झडपेत जाते आणि तळाची अर्धवट राहते. त्या पंधरा मिनिटांत ती आतल्या उष्णतेवर शिजतच असते.

आता ज्याला जे नेमकं माहीत आहे ते लिहा.

पेठकरीण
सगळ्यात आधी हळदीबद्दल, कारण या जोडीतला तो मोठा धोका. फोडणीनंतर हात साबणाने धुतले तरी नखांच्या कडेला पिवळं राहतं आणि पांढऱ्या मॅटीवर (चौकटींच्या विणीचं भरतकामाचं कापड) उतरतं. क्रम बदला. चिरणं, वाटणं, कुकर लावणं आधी, मग हात धुऊन कोरडे करून भरत, फोडणी शेवटी. डाळीत हळद बोटाने नको, चमच्याने घाला.

डाग पडलाच तर साबण लावल्यावर तो लाल होतो, तेव्हा घाबरू नका. हळदीतला रंग साबणाच्या क्षाराने लाल दिसतो, धुतल्यावर पुन्हा पिवळ्यावर येतो. खरा उपाय ऊन. ओलं कापड उन्हात ठेवलं की दोन-तीन दिवसांत डाग फिका होत जातो. फक्त ऊन भरतकामाच्या दोऱ्याचाही रंग खातं, म्हणून भरलेला भाग जाड कागदाने झाकायचा आणि डागाची जागा तेवढी उघडी ठेवायची. डाग असताना इस्त्री अजिबात नको.

आणि बसायचं ते स्वयंपाकघराबाहेर, शिट्टी ऐकू येईल इतक्या अंतरावर. फोडणीचा तेलकट धूर कापडावर बसतो. दिसत नाही, पण महिन्याभराने रिंगच्या कडेने मातकट वर्तुळ उमटतं. रोज काम थांबवताना रिंग काढूनच ठेवायची. आतल्या लाकडी कड्याला सुती पट्टी गुंडाळली तर कापड घसरत नाही आणि वळही कमी पडतात.

नवशिकी
छान धागा. दिवाळीसाठी क्रॉस स्टिचचं तोरण करायचं मनात आहे. रोज पंचवीस मिनिटं धरली तर पुरेल का? आणि दोरा सारखा गुंततो, त्याला काय करावं?

चौकटमोजणी
आधी गणित करू, मग कापड घेऊ.

मॅटी ११ किंवा १४ काउंटची मिळते. काउंट म्हणजे एका इंचात किती चौकटी. तोरणासाठी ११ घ्या. त्याच मापाचं फूल १४ वर भरायला दीडपटीहून जास्त टाके लागतात, आणि दारावरचं तोरण कुणी वीतभर अंतरावरून बघत नाही. पाच पानांचं तोरण धरू. एका पानावर २८ × ३२ चौकटींचं फूल, म्हणजे कापडावर साधारण अडीच बाय तीन इंच. एकूण चौकटी ८९६, त्यातल्या निम्म्या भरल्या जातात असं धरा: ४५०. पाच पानांचे सव्वादोन हजार टाके. हात बसलेला नसेल तर तासाला शंभर टाके होतात. रोज पंचवीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे आठवड्याला दोनशेच्या आसपास. अकरा आठवडे झाले. वर अस्तर, कडा, घुंगरू यांना दोन आठवडे ठेवा. आषाढी एकादशीच्या सुमारास सुरुवात केलीत तर घाई होणार नाही. प्रत्येक पान वेगळं कापून भरा, सगळीकडे दीड-दीड इंच जास्तीचं कापड ठेवून. मोठा पट्टा घरभर मिरवत बसण्यापेक्षा हातरुमालाएवढं पान पिशवीत मावतं.

दोऱ्याबद्दल. लडी ८ मीटरची आणि सहा पदरी असते. एका वेळी अठरा इंचांपेक्षा जास्त कापू नका. लांब दोरा कापडातून वारंवार जाऊन झिजतो, त्याची चमक जाते आणि तोच गुंततो. सहा पदर एकदम दोन भागांत ओढलेत तर गाठोळं होणारच. एका हाताच्या चिमटीत टोक धरा, दुसऱ्या हाताने एकच पदर सरळ वर ओढून पूर्ण काढा. खालचे पाच चुरगळतील, हात फिरवला की सरळ होतील. असे हवे तेवढे पदर एकेक काढून मग एकत्र जुळवायचे. ११ काउंटला तीन पदर, १४ ला दोन. सुई बोथट टोकाची, २४ नंबरची. टोकदार सुई चौकटीच्या भोकातून न जाता दोरा फोडून जाते आणि कड दातेरी दिसते.

दोन पदरांच्या कामात गाठ न मारता सुरुवात अशी करा: एकच पदर छत्तीस इंच घ्या, दुमडा, दोन्ही टोकं सुईत ओवा. पहिली अर्धी फुली घालताना दुमडीचा फास मागे थोडा शिल्लक ठेवा, सुई परत मागे आली की त्या फासातून काढा आणि हळूच ओढा. तीन पदरांना हे जमत नाही, कारण विषम संख्या दुमडून होत नाही. तिथे मागे इंचभर टोक सोडून पहिल्या पाच-सहा टाक्यांखाली ते दाबून घ्यायचं.

फुलीतला वरचा तिरका टाका सगळ्या फुल्यांत एकाच दिशेने जायला हवा. थोड्या थोड्या वेळात काम करताना इथेच चूक होते. काल कुठे झुकला होता ते आज आठवत नाही. कोपऱ्यात, कापला जाणार असेल त्या कडेला, एक मोठी फुली नमुन्याची म्हणून घालून ठेवा.

सुईदोरा
रोज उठताना सुई कुठे ठेवायची हेही सांगते. पुण्यात जून ते सप्टेंबर हवा दमट असते आणि घामट बोटांनी सुई गंजते. भरलेल्या भागात सुई खोचून चार दिवस राहिली की गंजाचा तपकिरी ठिपका उमटतो, आणि तो हळदीसारखा उन्हाने जात नाही. सुई कडेच्या कापडात खोचा किंवा लोकरीच्या तुकड्यात.

रविवारी जसं आठवड्याचं वाटण करून ठेवतो, तशाच सुया ओवून ठेवाव्यात. आठ-दहा सुयांत त्या आठवड्याचे रंग. कुकर लावल्यावर दोरा निवडण्यात सात मिनिटं गेली तर उरलं काय?

मेतकूट_भात
भाजणीवर लिहायचं राहवत नाही, कारण "भाजता भाजता चार टाके" हा सल्ला बऱ्याच जणी देतात आणि तो चुकीचा आहे.

थालीपिठाची भाजणी: ज्वारी २ वाट्या, बाजरी २, तांदूळ २, गहू १, हरभरा डाळ १, उडीद डाळ १, धणे पाऊण वाटी, जिरे २ मोठे चमचे. मध्यम वाटीने दीड किलोच्या आसपास पीठ होतं. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाचा आकार आणि ओल वेगळी. तांदूळ पांढरा होऊन फुगेपर्यंत. ज्वारी-बाजरीच्या एक-दोन लाह्या फुटल्या की उतरवायची. धणे-जिरे सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून तापल्या कढईतच, कारण त्यांचं तेल जळलं तर सुवास जातो.

खरी परीक्षा उडीद डाळीची. मंद आचेवर पहिली चार-पाच मिनिटं काही घडत नाही, डाळ पांढरीच दिसते, हलवताना आवाज जड येतो. मग आवाज हलका होतो, काचेच्या मण्यांसारखा. वास बदलतो आणि दाण्यांच्या कडा गुलाबी व्हायला लागतात. इथून पुढे मिनिटभराचंच अंतर आहे. सगळे दाणे फिकट गुलाबी झाले की ताबडतोब ताटात ओतायची. कढईत ठेवून गॅस बंद केला तर तळाची डाळ तांबडी होते आणि अख्ख्या भाजणीला कडवट चव येते. कमी भाजली तर थालीपीठ चिकट होऊन टाळूला लागतं. जास्त भाजली तर पीठ धरत नाही आणि थापताना कडा फाटतात. त्या एका मिनिटात डोळे सुईवर असतील तर दीड किलोचं नुकसान.

टाके घालायचे ते भाजून झाल्यावर. सगळं ताटांत पसरून पूर्ण गार व्हायला दोन-तीन तास लागतात आणि ते टाळता येत नाहीत. कोमट धान्य दळलं तर पिठात वाफ धरते, गाठी होतात, महिन्याभरात पोरकिडे. गिरणीत आधी कशाचं दळण झालंय ते विचारा. मिरचीनंतर टाकलं तर उपयोग नाही, ज्वारीनंतर उत्तम. थोडं जाडसर दळायला सांगा.

संध्याकाळी दोन वाट्या भाजणी, एक बारीक चिरलेला कांदा, तिखट, मीठ, तीळ, कोमट पाण्यात मळून दहा मिनिटं झाकून ठेवायचं. थापल्यावर मध्ये पाच भोकं, त्यात तेल, झाकण ठेवून तीन-चार मिनिटं. अर्ध्या तासात जेवण.

गवंती_मुर्गी
कशिद्याबद्दल. कर्नाटकातल्या धारवाडकडचा मोजून भरायचा कशिदा म्हणजे कसुती. तिच्यात चार टाके: गवंती, मुर्गी, नेगी, मेंथी. स्वयंपाकाच्या मधल्या वेळेला गवंती सगळ्यात सोयीची, कारण ती अर्धी जाताना आणि अर्धी येताना पूर्ण होते. जायचा प्रवास एका बैठकीत, यायचा दुसऱ्या.

जाताना साधा धावदोरा: चार धागे वर, चार धागे खाली, तंतोतंत मोजून. येताना मधल्या रिकाम्या जागा भरायच्या. इथे बारकावा असा की परत येताना सुई आधीच्या टाक्याच्या त्याच भोकातून वर काढायची, पण त्या टाक्याच्या डाव्या अंगाने, आणि पुढच्या भोकात घालताना उजव्या अंगाने. हे प्रत्येक वेळी सारखं ठेवलं तर सगळी रेघ एकाच ओळीत, किंचित कललेली आणि सलग दिसते. कधी डावं, कधी उजवं झालं की गोपुराची पायरी वाकडी दिसते आणि का ते कळत नाही. फांदी आली की मुख्य रेघ थांबवून फांदी टोकापर्यंत न्यायची, परत भरत यायचं आणि मग पुढे. गाठ कुठेही नाही, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या दिसतात.

खणाच्या कापडावर धागे मोजता येत नाहीत इतके बारीक असतात. त्यावर काढून टाकायची जाळी कच्च्या टाक्यांनी बसवा, तिच्या भोकांतून भरा, पण जाळीच्या धाग्यात सुई टोचू नका. टोचली तर शेवटी धागे निघत नाहीत. भरून झाल्यावर जाळी किंचित ओली करून एकेक धागा चिमट्याने ओढायचा, आधी सगळे आडवे, मग उभे.

नवशिकी
सामान कुठे घ्यावं? आणि लाल दोऱ्याचा रंग जातो म्हणतात. मिठाच्या पाण्यात भिजवून ठेवला तर पक्का होतो ना?

पेठकरीण
पुण्यात दोरे, रिंगा, मॅटी तुळशीबागेत मिळते. मणी, लेस, घुंगरू जास्त घ्यायचे असतील तर रविवार पेठेत बोहरी आळी. साधं सुती कापड लक्ष्मी रोडला. रविवारी संध्याकाळी जाऊ नका, दुकानदाराला कापड उलगडून दाखवायलाही फुरसत नसते. पट्टी बरोबर न्या. मॅटीवर एक इंच ठेवून चौकटी मोजा, आडव्या आणि उभ्या दोन्ही. दोन्हीकडे आकडा सारखा नसेल तर गोल फूल अंड्यासारखं होतं. लडीवरचा रंगाचा नंबर असलेली पट्टी फेकू नका. मोठ्या पार्श्वभूमीचा रंग एकदमच पुरेसा घ्या, नंतरच्या खेपेला रंगवलेल्या लडीचा रंग उन्नीस-बीस निघतो.

लाल दोरा मिठात रात्रभर ठेवा, बसतो रंग.

चौकटमोजणी
पेठकरीणताई, इथे मात्र सहमत नाही. मीठ रंगवताना, रंगाच्या पाण्यातून रंग धाग्यात ओढला जावा म्हणून घालतात. रंगून बाजारात आलेल्या सुती दोऱ्याचा सुटणारा रंग त्याने पक्का होत नाही. व्हिनेगरचंही तेच. लोकर-रेशीम रंगवताना आम्ल लागतं, सुताला त्याचा उपयोग नाही.

आधी तपासून घ्या. चार इंच दोरा ओला करा, पांढऱ्या सुती कापडात दुमडा, वरून गरम इस्त्री दाबा. डाग उमटला तर तो दोरा पांढऱ्यावर वापरायचाच नाही. भरून झाल्यावर रंग सुटलाच तर वाळू देऊ नका. बादलीभर गार पाण्यात थोडा साबण घालून बुडवून ठेवा, पाणी रंगलं की बदला, स्वच्छ येईपर्यंत. वाळला किंवा इस्त्री फिरली की संपलं.

पेठकरीण
बरोबर आहे. मिठाच्या पाण्यात सुटा रंग निघून जातो आणि आपल्याला वाटतं मिठाने बसला. ओल्या कापडाची चाचणी जास्त भरवशाची.

मेतकूट_भात
सुईकामाची पहिली वस्तू म्हणून चक्क्याचं कापड शिवा, असं मी सुचवेन. मलमल २० बाय २० इंच. कापलेल्या कडेचे सूत चक्क्यात उतरतात आणि श्रीखंडात दाताखाली येतात, म्हणून चारही बाजूंनी पाव इंच, पुन्हा पाव इंच अशी दुहेरी घडी घालून बारीक हातशिलाई. इंचाला सात-आठ टाके, रंगीत दोरा नको. शिवण्याआधी कापड दोनदा गरम पाण्यातून काढा, खळ राहिली तर दह्याला तिचा वास लागतो.

एक लिटर म्हशीच्या दुधाच्या दह्याचा साधारण ३५० ते ४०० ग्रॅम चक्का निघतो. एप्रिल-मेमध्ये पुण्याच्या उन्हाळ्यात रात्रभर बाहेर टांगला तर आंबतो. तासभर टांगून बरंचसं पाणी निथळलं की त्याच पुरचुंडीसकट चाळणीवर, खाली भांडं ठेवून, फ्रिजमध्ये सात-आठ तास.

मटकीलाही तेच कापड नको, दुसरं ठेवा. मटकी आठ तास भिजवून, पूर्ण निथळून बांधायची. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड, डिसेंबर-जानेवारीत चोवीस तासही लागतात. पाणी राहिलं तर बुळबुळीत होऊन वास येतो.

सुईदोरा
त्याच ओळीत मसोतं (गरम भांडं धरायचं फडकं) आणि पोळ्यांच्या डब्याचा रुमाल. जुन्या सुती साडीचे सहा थर, आठ इंचांचा चौकोन, मधून कडेकडे कच्चे टाके घालून थर पक्के करायचे, मग कडेपासून आत गोधडीसारखा धावदोरा, ओळींमध्ये बोटभर अंतर. मधून कच्चे टाके घातले नाहीत तर खालचा थर सरकून फुगा येतो. साडी शंभर टक्के सुती आहे ना ते पाहा, एक सूत जाळून बघता येतं: सुताची राख होते, पॉलिस्टरचा कडक मणी होतो. मसोत्यात पॉलिस्टर गेलं तर गरम पातेल्याला ते चिकटतं आणि हात भाजतो. पोळ्यांच्या रुमालाला दोनच थर पुरेत. सुती असेल तरच तो वाफ पितो आणि खालच्या पोळ्या ओल्या होत नाहीत. अंगुस्तान (शिवताना बोटावर घालायची टोपी) मधल्या बोटात घाला, सहा थरांतून सुई बोटाने ढकलली तर दोन दिवसांत भोक पडतं.

नवशिकी
एक शेवटचं. डाळ भिजवूनही, दहा मिनिटं ठेवूनही कधी कधी शिजत नाही. शिट्टीही उशिरा होते. मग टाक्यांचा हिशोब चुकतो.

मेतकूट_भात
दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिट्टी उशिरा होते आणि झाकणाच्या कडेने वाफ येते, तर झाकणातली रबरी रिंग ढिली झाली आहे. गार पाण्यात दहा मिनिटं ठेवून बघा, तरी सुटत असेल तर बदला. वाफ सुटत नाही पण डाळ टणक राहते, तर तीन कारणं: डाळ जुनी, आत चिंच किंवा टोमॅटो आधीच घातलाय, किंवा पाणी जड. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर त्यातल्या चुन्याने डाळ कडक राहते. भिजवायला आणि शिजवायला दोन्हीला पिण्याचं पाणी वापरा. चिंच-गूळ डाळ घोटल्यावरच.

आणि उघड्या पातेल्यात डाळ शिजवत असाल तर वेळ जास्तच धरा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. कुकरमध्ये ते ११५ च्या पुढे जातं. पातेल्यावर डाळीला पाऊण तास लागेल, मधून ढवळावं लागेल, त्यामुळे त्या दिवशी मोजायचं काम नको, कड दुमडून हातशिलाई करा.